पालखीचा मान आणि लिंकन टाऊन कार

पेशवाईतल्या कागदांत एखाद्या सरदाराला पालखीचा मान दिल्याचे उल्लेख आले की आजच्या वाचकाला त्याचे थोडे नवल वाटते. पालखी हे काही वेगाचे वाहन नव्हे. साधा घोडेस्वारही तिला मागे टाकून जाई. परंतु पालखी सरकारातून मिळे, तिच्या खर्चाची नेमणूक मिळे, आणि ती दारात उभी राहिली म्हणजे धन्याची पायरी गावाला कळे. वाहन म्हणजे जाण्यायेण्याचे साधन, ही व्याख्या म्हणूनच अपुरी आहे. आज ज्या मोटारीची हकीकत आम्ही मांडणार आहोत, ती अमेरिकेची आहे, अगदी अलीकडची आहे, आणि तिचा शेवट २०११ साली झाला. तरीही तिच्याकडे पाहताना आम्हांला वारंवार पालखीची आठवण होते, आणि ती का होते हे पुढे कळून येईल.

या गाडीचे नाव लिंकन टाऊन कार. त्यातले ‘टाऊन कार’ हे शब्द मोटारीच्याही आधीच्या काळातले संस्कार घेऊन आले आहेत. श्रीमंतांच्या घोडागाडीत मालक आत, बंद खोलीत बसत आणि गाडीवान बाहेर, उघड्यावर बसे. मोटार आली तेव्हा हीच रचना तिच्यावर चढवण्यात आली. मागे छप्पर, काचा, गाद्या. पुढे शोफरच्या डोक्यावर मात्र आभाळ. अशा बांधणीला अमेरिकेत टाऊन कार म्हणत. पावसात शोफर भिजतो आहे आणि मालक कोरडा आहे, हे रस्त्यावरच्या माणसाला दिसावे, हाही त्या बांधणीचा एक उपयोग असावा असे आम्हांला वाटते! पुढे शोफरच्याही डोक्यावर छप्पर आले. नाव तेवढे राहिले.

‘लिंकन’ या शब्दाची कथा अधिक रंजक आहे. हेन्री लेलँड हा सूक्ष्म यंत्रकामात अत्यंत काटेकोर म्हणून नावाजलेला कारागीर. १९०२ साली कॅडिलॅक कंपनी उभी राहिली ती त्याच्या हातून. ती पुढे जनरल मोटर्सच्या छत्राखाली गेली, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ साली, लेलँड तेथून बाहेर पडला. विमानांची लिबर्टी इंजिने बनवण्यासाठी त्याने नवी कंपनी काढली आणि तिला अब्राहम लिंकनचे नाव दिले. तरुणपणी, १८६४ साली, त्याने आपले पहिले मत लिंकनला दिले होते. ते तो सत्तरी उलटल्यावरही विसरला नव्हता. युद्ध संपले, इंजिनांची मागणी थांबली, म्हणून कंपनी मोटारींकडे वळली. गाडी उत्तम होती, पण पैसा पुरेना. १९२२ च्या फेब्रुवारीत दिवाळखोरीच्या लिलावात हेन्री फोर्डने ती ८० लाख डॉलरांना घेतली, आणि काही महिन्यांतच लेलँडला स्वतःच्याच कारखान्यातून बाहेर पडावे लागले. म्हणजे अमेरिकेतल्या श्रीमंतांच्या दोन प्रतिस्पर्धी गाड्या, कॅडिलॅक आणि लिंकन, या एकाच माणसाची अपत्ये. आणि दोन्ही त्याच्या हातात राहिल्या नाहीत. भाऊबंदकीची कथा आपल्याला नवी नाही, त्यामुळे हे वैर पुढची ऐंशी-नव्वद वर्षे चालले याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

मधली काही दशके आम्ही भरभर ओलांडणार आहोत. त्यांतली एक तारीख मात्र ओलांडता येत नाही. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डल्लास शहरात अध्यक्ष केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा ते ज्या उघड्या गाडीत बसले होते ती १९६१ ची लिंकन कॉन्टिनेन्टल होती. ती गाडी मोडीत निघाली नाही. तिला पक्के छप्पर आणि चिलखत चढवण्यात आले आणि १९७७ पर्यंत ती पुढच्या अध्यक्षांच्या सेवेत राहिली. आज ती डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात उभी आहे. अमेरिकन माणूस लिंकन म्हटल्यावर क्षणभर थबकतो, त्याला हेही एक कारण आहे.

आता १९७० नंतरच्या काळाकडे येऊ. मोठ्या अमेरिकन गाड्या मुंबईकरांना अगदीच अनोळखी नव्हत्या. शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ साली गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता, आणि वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या जोडल्या होत्या. पण त्या गाड्याही १९७९ च्या लिंकन कॉन्टिनेन्टलपुढे लहानच म्हणाव्या लागतील. तिची लांबी होती २३३ इंच, म्हणजे साडेएकोणीस फुटांच्या जवळ. आपल्याकडच्या कित्येक बिऱ्हाडांची बाहेरची खोलीही एवढी लांब नसते. एवढ्या गाडीला तेल किती लागत असेल याचा विचार त्या देशात फारसा कोणी केला नव्हता, कारण तेल स्वस्त होते.

ते १९७३ च्या ऑक्टोबरनंतर स्वस्त राहिले नाही. अरब-इस्रायल युद्ध झाले, अरब देशांनी अमेरिकेचे तेल तोडले, आणि काही महिन्यांत पिंपाचा भाव तीन डॉलरांच्या आसपास होता तो बाराच्या घरात गेला. १९७५ च्या डिसेंबरात अमेरिकन सरकारने कायदा केला. प्रत्येक कंपनीने विकलेल्या साऱ्या गाड्यांची सरासरी काढायची. १९७८ च्या गाड्यांनी गॅलनला सरासरी १८ मैल धावले पाहिजे आणि १९८५ पर्यंत हा आकडा साडेसत्तावीसवर गेला पाहिजे. कायद्याची खुबी त्या ‘सरासरी’ शब्दात होती. मोठी गाडी बनवायला बंदी नव्हती. पण एक मोठी विकायची तर तिचे पाप धुण्यासाठी कितीतरी लहान गाड्या विकणे भाग होते. एकत्र कुटुंबात एका उधळ्या भावासाठी बाकीच्यांनी काटकसर करावी, तसाच हा प्रकार.

तेव्हा १९८० च्या लिंकनला कात्री लागली. दोन्ही चाकांच्या जोड्यांमधले अंतर १२७ इंचांवरून ११७ वर आले, लांबी २१९ इंचांवर आली. या नव्या सांगाड्याला फोर्ड कंपनीत ‘पँथर’ म्हणत. १९७९ च्या फोर्ड आणि मर्क्युरी गाड्यांना तो आधीच मिळाला होता. १९८१ पासून टाऊन कार हे स्वतंत्र गाडीचे नाव झाले. त्या आधी ते कॉन्टिनेन्टलच्या अधिक सजवलेल्या आवृत्तीला लावीत. म्हणजे जिला पुढे लोक अवाढव्य म्हणून हसले, ती गाडी जन्मली तेव्हा काटकसरीची, कापून लहान केलेली गाडी होती. हा मुद्दा विसरला जातो, म्हणून आम्ही तो मुद्दाम नोंदवतो.

खरी गंमत पुढे आहे. १९८० ते १९८२ या तीन वर्षांत फोर्ड कंपनीला तीन अब्ज डॉलरांहून अधिक तोटा आला. होता नव्हता तो पैसा तिने टॉरस नावाच्या नव्या मध्यम गाडीवर लावला. जुन्या टाऊन कारला नवे रूप देण्याइतके बळ हातात नव्हते, म्हणून ती जशी होती तशीच राहिली. तिकडे जनरल मोटर्स धनाढ्य. तेल आणखी महागणार हे गृहीत धरून तिने १९८५ साठी कॅडिलॅकच्या मुख्य गाड्या आणखी लहान केल्या आणि इंजिनाची शक्ती मागच्या चाकांऐवजी पुढच्या चाकांना दिली. आणि १९८६ साली तेलाचा भाव कोसळला! शहाण्याने भविष्य ओळखले, खर्च केला आणि फसला; गरिबाला काही करणे परवडले नाही आणि तो तरला. लिंकनवाल्यांनी या संधीचा फायदा घेत एक जाहिरात काढली. मेजवानी आटोपून श्रीमंत मंडळी बाहेर येतात, नोकर गाड्या आणून उभ्या करतो, आणि आपली कॅडिलॅक कोणती व शेजाऱ्याची ब्यूक वा ओल्ड्‌समोबील कोणती हे कोणालाच ओळखू येत नाही. लिंकनचा मालक मात्र चटकन आपल्या गाडीत बसून निघून जातो. पालखी पालखीसारखी दिसली पाहिजे, एवढाच त्या जाहिरातीचा अर्थ. १९८८ साली दोन लाखांहून अधिक टाऊन कार विकल्या गेल्या. तिचा तो कळस होता. १९९० साठी तिला नवे अंग मिळाले, एका प्रमुख अमेरिकन मोटार मासिकाने तिला त्या वर्षीची सर्वोत्तम गाडी ठरवले, आणि १९९१ मध्ये ४.६ लिटरचे नवे आठ नळकांड्यांचे इंजिन आले. त्या इंजिनाने पुढे भाड्याच्या गाड्यांत लाखो मैल निमूटपणे ओढले.

येथे थोडे यंत्राविषयी बोलले पाहिजे, कारण त्याशिवाय पुढची हकीकत कळणार नाही. आजच्या बहुतेक मोटारींत सांगाडा आणि अंग एकच असते. अंड्याच्या कवचासारखे सारे अंगच भार उचलते. गाडी त्यामुळे हलकी होते, तेल कमी पिते. टाऊन कारची रीत जुनी होती. खाली पोलादी तुळयांची चौकट, तिच्यावर इंजिन आणि चाके, आणि वर रबराच्या गाद्यांवर ठेवलेले वेगळे अंग. बैलगाडीची साटी आणि तिच्यावरचा छकडा यांचे नाते जसे, तसेच हे. अशी गाडी जड असते, वळणावर डुलते, पण रस्त्याचा धक्का आत येईपर्यंत मऊ होऊन येतो. शिवाय ठोकर बसली तर दुरुस्ती सोपी. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की ती मधोमध कापून, चौकटीत नवा तुकडा सांधून लांब करता येते. लग्नाच्या वरातीत आणि सिनेमाच्या समारंभात दिसणाऱ्या त्या आगगाडीच्या डब्यासारख्या लांबलचक लिमोझिन, आणि शेवटच्या प्रवासाच्या शववाहिकाही, याच चौकटीवर बांधल्या जात. अध्यक्ष थोरले बुश यांची १९८९ ची सरकारी गाडी याच कुळातली.

म्हणून तिचा गिऱ्हाईक हळूहळू पालटला. स्वतःसाठी गाडी घेणारे श्रीमंत वृद्ध होत चालले होते. त्यांच्या मुलांना १९८९ साली जपानहून आलेली लेक्सस किंवा जर्मन गाड्या अधिक रुचू लागल्या. त्या शांत होत्या, चपळ होत्या, आणि बापाच्या गाडीसारख्या दिसत नव्हत्या. पण भाड्याने गाडी चालवणाऱ्यांना टाऊन कारसारखी वस्तू दुसरी नव्हती. १९९६ च्या अखेरीस जनरल मोटर्सने टेक्सासमधल्या आर्लिंग्टन कारखान्यातली मागच्या चाकांची मोठी कॅडिलॅक बंद केली आणि तेथे ट्रकच्या जातीच्या गाड्या सुरू केल्या. तेव्हापासून टाऊन कार एकटीच उरली. न्यूयॉर्कच्या कचेऱ्यांखाली संध्याकाळी तिच्या काळ्या रांगा लागत. विमानतळावर नावाची पाटी धरून उभा असलेला ड्रायव्हर आपल्याला घेऊन जाई तो बहुधा तिच्याकडेच. न्यू जर्सीतल्या लेकीकडे किंवा मुलाकडे त्या वर्षांत गेलेल्या आपल्याकडच्या आईवडिलांपैकी काही जण ‘ती मोठी काळी गाडी’ अजून आठवत असतील. मालकाची पालखी अशा रीतीने भाड्याची पालखी झाली. तिच्यात बसणाऱ्याला तासाभरापुरता मान मिळे आणि चालवणाऱ्याला वर्षभराची रोजी. गाडीचा खरा धनी आता पुढच्या आसनावर बसलेला होता. एकेकाळी तोच पावसात भिजत असे.

कारखानदारांचे लक्ष मात्र दुसरीकडे वळले होते. ट्रकच्या चौकटीवर उंच, चौकोनी, चामड्याच्या गाद्यांचे अंग बसवले तर लोक ते गाडीहून जास्त पैसे देऊन घेतात, हा शोध त्यांना लागला होता. शिवाय अशा वाहनांना इंधनाचा नियम मोटारींपेक्षा सैल होता. लिंकनची नॅव्हिगेटर १९९७ साली बाजारात आली, कॅडिलॅकची एस्कलेड पुढच्या वर्षी. त्या १९९८ सालात दोन भावंडांची चुरस इतकी वाढली की वर्षअखेरीस कॅडिलॅकने आपण २२२ गाड्यांनी पुढे असल्याचे जाहीर केले. १९९९ च्या मे महिन्यात तिला कबूल करावे लागले की डिसेंबरची विक्री ४,७७३ गाड्यांनी फुगवली गेली होती. लेलँड तोपर्यंत जिवंत असता तर त्याने कोणत्या अपत्याचे कान धरले असते, हे सांगणे कठीण नाही. पण या विजयात लिंकनचे दुर्दैवही होते. नॅव्हिगेटरने दाखवून दिले की टाऊन कारवाचूनही पैसा मिळतो.

१९९८ साली टाऊन कारचे कोपरे घासून तिला गोलसर केले गेले. आमच्या मते हे तिचे सर्वांत फसलेले रूप. चौकोनीपणा हीच जिची ओळख, तिला बाक देऊन काय साधले? २००३ साली चौकट आणि सुकाणू यांत चांगली सुधारणा झाली. त्यानंतर तिच्यावर फारसा पैसा खर्च झालाच नाही. या आठ वर्षांकडे पाहिले की एक प्रश्न पडतो, आणि आमच्या लेखी तोच या साऱ्या हकीकतीतला मुख्य प्रश्न आहे. ही गाडी म्हातारपणाने मेली की उपासमारीने? तिचे चाहते उपासमार म्हणतात. कंपनीने जाहिरात केली नाही, नवे इंजिन दिले नाही, आणि मग मागणी नाही म्हणून हात झटकले. यात तथ्य आहे. परंतु दुसरीही बाजू आहे. भाड्याच्या धंद्यातल्या गिऱ्हाइकाला नवेपणा नकोच होता. त्याला कालचाच सुटा भाग, कालचीच किंमत आणि कालचीच गाडी हवी होती. जे बदलत नाही म्हणून लोक घेतात, ते बदलायला पैसा कोण घालणार? आणि जे बदलता येत नाही, ते कायदा बदलला की टिकणार कसे? टाऊन कार आपल्या सद्गुणांच्या कोंडीत सापडली होती.

२००६ च्या जानेवारीत फोर्डने खर्चकपातीची मोठी योजना जाहीर केली. मिशिगनमधला विक्सम कारखाना १९५७ पासून लिंकन गाड्या बनवीत होता. तो ३१ मे २००७ रोजी बंद झाला. टाऊन कारचेही त्याबरोबर संपायचे, पण भाड्याच्या गाड्यांचा धंदा तिच्यावर टेकलेला होता, म्हणून तिला कॅनडात, ओंटारियोतल्या सेंट थॉमसच्या कारखान्यात आसरा मिळाला. तेथे तिच्याच पँथर कुळातली क्राऊन व्हिक्टोरिया बनत असे, म्हणजे अमेरिकेतल्या पोलिसांची आणि टॅक्सीवाल्यांची गाडी. साहेबाची, शिपायाची आणि टॅक्सीची गाडी एकाच पट्ट्यावरून उतरू लागली. मूळची ती एकाच चौकटीची लेकरे होती हे तेव्हा उघड झाले.

पुढे २००८ ची मंदी आली, आणि २०११ मध्ये हाही कारखाना बंद करण्याचे ठरले. तारीख ठरायला आणखी एक कारण होते. निसरड्या वळणावर गाडी घसरू लागली की यंत्राने आपण होऊन एकेका चाकाचा ब्रेक लावून तिला सावरावे, अशी योजना १ सप्टेंबर २०११ पासून बनणाऱ्या प्रत्येक मोटारीत असली पाहिजे, असा अमेरिकन सरकारचा नियम झाला होता. टाऊन कारमध्ये ती योजना कधीच बसवली गेली नाही. २९ ऑगस्ट २०११ रोजी, मुदतीला तीन दिवस असताना, शेवटची टाऊन कार पट्ट्यावरून उतरली. समारंभ असा काही झाला नाही. तो नियम लागू नसलेल्या देशांसाठी क्राऊन व्हिक्टोरिया आणखी पंधरवडाभर बनत राहिली. तिच्यातली शेवटची १५ सप्टेंबरला सौदी अरबस्तानासाठी तयार झाली आणि ४४ वर्षे चाललेला तो कारखाना थांबला. शेवटी कामावर असलेल्या हजाराहून अधिक माणसांना दुसरी वाट धुंडाळावी लागली. गाडीविषयी हळहळणाऱ्यांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे, या माणसांविषयी त्या मानाने थोडे.

या सेंट थॉमसला दुसऱ्याच एका प्रचंड देहाच्या मृत्यूची आठवण आहे. जम्बो नावाचा प्रसिद्ध हत्ती, ज्याच्या नावावरून मोठ्या वस्तूला ‘जम्बो’ म्हणण्याची रीत पडली, तो बार्नमच्या सर्कशीबरोबर येथे आला असता रेल्वे इंजिनाच्या धडकेने मेला. तो दिवस १५ सप्टेंबर १८८५ चा. तारीख तीच यावी हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यातून काही सिद्ध होत नाही; पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशा योगायोगापाशी घटकाभर रेंगाळल्यावाचून राहवत नाही. गावाने १९८५ साली जम्बोचा पूर्णाकृती पुतळा उभारला.

टाऊन कारच्या जागी लिंकनने भाडेकऱ्यांना एमकेटी नावाची उंच गाडी दिली. ड्रायव्हर मंडळींना ती फारशी आवडली नाही. एक विचित्र गोष्ट याच सुमारास घडली. २०१० साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये उबर कंपनीने फोनवरून गाडी बोलावण्याची सोय सुरू केली, तेव्हा ती काळ्या भाड्याच्या गाड्यांवरच सुरू केली, आणि त्यांत टाऊन कार पुष्कळ होत्या. काही वर्षांतच कोणाचीही लहानसहान गाडी त्या कामाला लागली आणि काळ्या गाडीचा मान ओसरला. म्हणजे कारखाना तिला बंद करीत होता तेव्हा ज्या धंद्याने तिचा आधार घेतला, त्यानेच पुढे तिची गरज संपवली.

लिंकनने २०१६ साली कॉन्टिनेन्टल हे जुने नाव एका नव्या गाडीला देऊन पाहिले. चार वर्षांनी, २०२० मध्ये, तीही थांबली, आणि तेव्हापासून अमेरिकेत लिंकनच्या दुकानात उंच ट्रकवजा गाड्यांखेरीज काही मिळत नाही. सेंट थॉमसजवळच्या कारखान्याच्या इमारती पाडून टाकण्यात आल्या. त्या जमिनीवर २०२३ साली ॲमेझॉन कंपनीचे अवाढव्य कोठार सुरू झाले. तेथून आता घरोघरी पार्सले जातात.